माझ्या नावाखाली तुझा फोटो

३ मार्च

छोटे,

सलाम. सलाम न घालता पत्र सुरू करायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून घातला. पुढचं काही सलामासारखं नाही, आधीच सांगते.

तू माझा नंबर तीन वर्षांपूर्वी ब्लॉक केलास, म्हणून हे टपालाने. पत्ता मावशीकडून घेतला. तिला म्हटलं, खुशाली विचारायचीय. म्हातारी खूश झाली. तुझ्यापायी मला आता मावशीशीही खोटं बोलावं लागतंय.

काल सकाळी अकरा वाजता मंडळाच्या बाईंनी मला व्हिडिओवर बोलावलं. कुठलं मंडळ ते तुला चांगलंच माहीत आहे. आमच्या ऑनलाइन शाळेने जानेवारीतच फतवा काढला होता. कुरआन, अरबी किंवा दीनियात, म्हणजे धर्माचे धडे, शिकवणाऱ्या ज्या शिक्षकाकडे मंडळाचं प्रमाणपत्र नसेल, त्याला एप्रिलनंतर वर्ग मिळणार नाही. बाकीच्या शिक्षिका कुरकुरल्या. मला बरं वाटलं होतं. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून उस्ताद झालेली माणसं पोरांच्या जिभा वाकड्या करून ठेवतात आणि मग त्या सरळ करायला आमच्याकडे येतात. लागू दे एकदा चाळणी, म्हटलं. पाठाचं नियोजन, मुलांची सुरक्षितता, व्याकरण, सगळे पेपर मी दिले. सगळ्यांत पास. राहिली होती फक्त उस्तानीने दिलेली सनद तपासायची.

बाई म्हणाल्या, "मॅडम, या नावाच्या आणि याच सनदेच्या शिक्षिका आमच्याकडे सहा वर्षांपासून नोंदलेल्या आहेत."

मी म्हटलं, "नावं सारखी असू शकतात."

"वडिलांचं नावही तेच आहे. आणि उस्तानींचंही."

मग त्यांनी त्यांची स्क्रीन मला दाखवली. माझं नाव होतं. माझी जन्मतारीख होती. आणि फोटो तुझा. डोक्यावरचा स्कार्फसुद्धा माझाच, करडा, कडेला मी टाके घातलेला. म्हटलं वा, काहीच मागे ठेवलं नाही पोरीने.

बाई पुढे म्हणाल्या, "तुमच्या सनदेवर नंतरची तारीख आहे. म्हणजे नक्कल तुमची दिसते. तीस दिवसांत खुलासा द्या."

नक्कल माझी! दोन वर्षं मी उस्तानीसमोर गुडघे मोडून बसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खं कुरआन तिला ऐकवलं, एक अक्षर घसरलं की ओळ पुन्हा. तेव्हा कुठे तिने स्वतःच्या हाताने तो कागद लिहून दिला, की हिने मला ऐकवलं, मी माझ्या उस्तादाला ऐकवलं, त्याने त्याच्या; आता ही दुसऱ्यांचं ऐकू शकते. आणि तो कागद हरवला तेव्हा काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू तेव्हा नव्या संसारात होतीस. तुझ्या लग्नाला महिना झाला होता, तू आठ दिवस राहून परत गेलीस आणि त्याच आठवड्यात सनद कपाटातून गेली. अम्मीने कपाळावर हात मारला. म्हणाली, जुन्या वह्यांबरोबर माझ्याच हातून रद्दीत गेली. मरेपर्यंत म्हणत राहिली. शेवटच्या दिवसांत मला ओळखत नव्हती, पण पायथ्याशी कुणीही येऊन बसलं की त्याचा हात धरून म्हणायची, "पोरीची सनद मी रद्दीत घातली हो."

आणि ती तुझ्या पेटीत होती.

उस्तानीने नुसता कागद पुन्हा लिहून दिला असता तरी चाललं असतं. पण तुला तिचा स्वभाव माहीत आहे. म्हणाली, "कागद हरवते ती पोर पाठही हरवू शकते. पुन्हा पहिल्यापासून ऐकव." चौदा महिने लागले, छोटे. अम्मीला औषध देऊन जायचं, तिकडे वाचायचं, परत येऊन वर्ग घ्यायचे. चौदा महिने.

सहा वर्षं तिकडची पोरं तुला माझ्या नावाने हाक मारतायत. उत्तर देताना तुला एकदाही ठेच लागली नाही?

मी मंडळाला सगळं कळवणार आहे. तुला आधी सांगतेय, कारण पाठीमागून वार करायची सवय आपल्यात फक्त एकीला आहे.

आपा
(खरी)


१९ मार्च

छोटे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळी. तुझ्याच ओळी तुला लिहून पाठवते, म्हणजे कशा दिसतात ते कळेल:

"आपा, मी चोरली नाही. अम्मीने स्वतः कपाट उघडून दिली. म्हणाली, तिची उस्तानी दोन गल्ल्यांवर राहते, तिला दुसरी मिळेल, तुला कोण देणार. तुझं नाव लावलं तो गुन्हा माझा. मंडळाला काय सांगायचं ते सांग."

शाबास. मेलेल्या बाईवर ढकललंस. ती उठून नाही म्हणायला येणार नाही, हे बघूनच ढकललंस. तिच्या मयतीला आली नाहीस, व्हिडिओवर पाच मिनिटं तोंड दाखवलंस, नेट गेलं म्हणालीस. आणि आता तिच्या कबरीवर चोरीचा माल ठेवायला बरी आलीस!

आता ऐक. मंडळाने आपल्या दोघींना अकरा एप्रिलला समोरासमोर बोलावलं आहे. तीन परीक्षक असतील. दोघींनी वाचून दाखवायचं, मग एका मुलीला दहा मिनिटं शिकवायचं, मग प्रश्न. मी ते पत्र वाचलं आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

कारण मला तुझी जीभ माहीत आहे. ते जाड अक्षर, जिभेची कड दाढांना लावून काढायचं, ते तुला कधीच आलं नाही. तू साधा द म्हणून मोकळी व्हायचीस. अब्बा म्हणायचे, हिच्या दाढा आणि जीभ यांचं भांडण आहे. पहिल्याच ओळीत परीक्षकांना कळेल सनद कुणाची ते. मला तोंड उघडायचीही गरज पडणार नाही.

इकडे शाळेने माझे वर्ग "तात्पुरते" काढून घेतले. माझी एक विद्यार्थिनी, अकरा वर्षांची, शेवटची पाच पानं राहिली होती तिची. ती दुसरीकडे दिली. नव्या शिक्षिकेचा मला निरोप आला, "कुठपर्यंत आलीय ही?" मी तीन पानं भरून लिहून पाठवलं, कुठे श्वास तोडते, कुठे घाई करते. तिचं उत्तर आलं, अंगठा. नुसता अंगठा!

अकराला ये. नेट गेलं म्हणू नकोस.

आपा


२८ मार्च

छोटे,

हे पत्र लिहायचं नव्हतं. दोन फाडली, हे तिसरं.

आठ दिवस मी कपाटासमोरून जातेय आणि मला एकच गोष्ट आठवतेय. सनद हरवली त्या दिवशी मी चप्पल घालून निघाले होते, रद्दीवाल्याकडे. चौकातला तो काणा, तो महिनाभर गठ्ठे तसेच ठेवतो. अम्मी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "कशाला जातेस, आत्तापर्यंत लगदा झाला असेल." मी म्हटलं, सकाळी तर दिली रद्दी. तिने माझा हात धरला. चांगला घट्ट धरला. "जाऊ दे गं. उस्तानी आहे ना."

उस्तानी आहे ना. तुझ्या पत्रात हेच आहे, फक्त शब्द वेगळे. तू ते बनवून लिहिलेलं नाहीस. ते तिचंच आहे.

परवा मी त्या काण्याकडे जाऊन आले. सात वर्षांनी. त्याला कसली आठवण असणार? पण तो म्हणाला, "तुमच्या घरातून कधी वह्यापुस्तकं आलीच नाहीत, ताई. तुमची आई अक्षर असलेला कागद द्यायची नाही. फक्त पुठ्ठे." हे मलाही माहीत होतं. अक्षर असलेला कागद ती जमिनीवरसुद्धा पडू द्यायची नाही. माहीत असून मी सात वर्षं विश्वास ठेवला, की ती सनद रद्दीत घालेल. आई रडत होती, म्हणून ठेवला.

चौदा महिने, छोटे. मी उस्तानीकडून यायची, घसा बसलेला असायचा, आणि ती गरम पाण्याचा पेला घेऊन उभी. विचारायची, "आज किती झालं?" मी सांगायची. ती म्हणायची, "होईल." तिला माहीत होतं मी हे सगळं कशापायी करतेय! तोंडाने "मीच रद्दीत घातली" म्हणायची आणि मी तिचीच समजूत घालायची, असू दे अम्मी, तुझी काय चूक. तिला दोन मुली होत्या. धाकटीला तिने कागद दिला आणि थोरलीला गरम पाणी.

तुझ्या नवऱ्याचं काम गेलं होतं, परक्या देशात तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं, हे मला मावशीने आत्ता सांगितलं. मला तेव्हा का नाही सांगितलं कुणी? मी नाही म्हटलं असतं म्हणून? म्हटलंच असतं! माझं नाव माझं आहे. पण मी तुला माझ्यासमोर बसवून वाचायला लावलं असतं, तुझी स्वतःची सनद मिळेपर्यंत.

आता एक गोष्ट मलाही सांगायची आहे. तू लिहिली नाहीस, त्याबद्दल आभार मानणार नाही.

तू सतरा वर्षांची होतीस. मुलींच्या वर्गावर शिकवायच्या नोकरीसाठी तुझी फोनवर तोंडी परीक्षा होती. फोन वाजला आणि तुझे हातपाय गार पडले. मी तुझ्या हातातून तो ओढून घेतला आणि तू असल्यासारखं वाचून दाखवलं. नाव विचारलं तर तुझं सांगितलं. नोकरी तुला लागली. आपण दोघी उशीत तोंड खुपसून हसलो होतो. अम्मी दारातून बघत होती. रागावली नाही.

म्हणजे एकीच्या नावावर दुसरी खपते, हे या घरात पहिल्यांदा मीच दाखवलं. याचा मला इतका संताप येतोय की पेन कागदात रुतलं, बघ.

याने तुझं काही माफ होत नाही.

आपा


१२ एप्रिल

छोटे,

काल तू स्क्रीनवर दिसलीस. बारीक झालीस. पुढचा दात पडलाय तुझा, कुणी सांगितलं नाही मला.

तुला वाटलं असेल मी खाली बघत होते. मी ऐकत होते. त्या जाड अक्षराची वाट बघत होते, मांजर उंदराची बघतं तशी. ते आलं, आणि दाढेवरून असं बरोबर उतरलं की चष्मेवाल्या परीक्षक बाईंनी मान डोलावली. दुसऱ्यांदा आलं, तेव्हाही बरोबर. कुठे शिकलीस? कुणी शिकवलं? रोज त्या पोरांना शिकवता शिकवता स्वतःच घासलीस ना? माझ्या नावावर बसून तू माझ्याइतकी झालीस, आणि याचा आनंद मानावा की तुझ्या एक कानाखाली द्यावी, मला कळेना.

मग ती मुलगी. नऊ वर्षांची, कॅमेरा बंद करून बसलेली. आधी माझा नंबर होता. घशातला तो ह तिला जमत नव्हता. मी बरोबर करून दाखवला, अकरा वेळा. अकराही वेळा माझा बरोबर, अकराही वेळा तिचा चूक. मी म्हटलं, "लक्ष दे." ती गप्प झाली ती झालीच. दहा मिनिटं संपली.

मग तू आलीस. म्हणालीस, "घरात स्टीलचा चमचा आहे का? घेऊन ये पळत." ती गेली. म्हणालीस, "तोंडाजवळ धर आणि त्यावर वाफ सोड, पुसायच्या आधी सोडतो तशी. किती मोठा ढग येतो बघू." आणि तिकडून ह आला. खरा, घशातला. ढग दाखवायला तिने आपणहून कॅमेरा लावला. हसत होती.

नऊ वर्षं शिकवतेय मी. मला हे सुचलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. अध्यक्षांनी तुला विचारलं, "सनद कुणाची?" मला वाटलं, आता ही अम्मीचं नाव घेणार. घेतलं असतंस तर खरंच बोलली असतीस. तू म्हणालीस, "आपाची. मी कपाटातून काढून नेली. घरात कुणाला माहीत नव्हतं."

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला यात काही सांगायचंय? याआधी एकमेकींच्या नावाचा असा वापर कधी झाला होता?"

तू कॅमेऱ्यात बघत होतीस. मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. तोही खोटा. तिसरे परीक्षक, ते सारखे आवाज बंद ठेवून बोलत होते बघ, त्यांनी तेवढ्यात आवाज सुरू केला आणि म्हणाले, "मग स्पष्टच आहे." आणि तुझी खिडकी बंद झाली.

तुला कुणी सांगितलं होतं अम्मीला पाठीशी घालायला? चोर ठरून थोर व्हायचं होतं? मी रागावून आले होते, मला रागावूच दिलं नाहीस. आयुष्यभर तुझं हेच. भांड्याला भांडं लागलं की तू खाली बसून रडायचीस आणि मारणारी म्हणून मी उभी राहायची.

आपा


१६ मे

छोटे,

निकाल तुला कळला असेलच, पण पुढचं कळलं नसेल.

मला प्रमाणपत्र आलं. सोनेरी कड, माझं नाव, माझा फोटो. शाळेने त्याच दिवशी वर्ग परत दिले. तुला दोन वर्षांची बंदी. शेजारीण अभिनंदन करून गेली. मी ते प्रमाणपत्र छापून भिंतीवर लावायला खिळा घेतला आणि खिळा ठोकता येईना. हात नीट होता. भिंतही नीट होती.

सोमवारी मी मंडळाला दुसरं पत्र लिहिलं. अम्मीने कपाट उघडलं तेही लिहिलं, आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या जागी फोनवर कुणी वाचलं तेही. सुनावणीत मी "नाही" म्हटलं ते खोटं होतं, हेसुद्धा. तुझ्यावर उपकार म्हणून नाही लिहिलं. दुसऱ्याच्या खोटेपणावर उभं राहून मला पोरांना अक्षरं नीट काढा म्हणता येईना, म्हणून लिहिलं.

त्यांनी पुन्हा बोलावलं. तासभर झापलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या घरात कुणी खरं बोलतं का?" मी म्हटलं, "आत्ता बोलतेय ना." माझं प्रमाणपत्र तीन महिने रोखलं. वर्ग पुन्हा गेले. तुझी बंदी दोन वर्षांवरून एकावर आली. त्या चष्मेवाल्या बाईंनी आग्रह धरला. म्हणाल्या, चमचेवाली शिक्षिका अशी वाया घालवू नका. पण अट आहे. परत यायचं तर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सनदेने.

म्हणून परवा मी उस्तानीकडे गेले. ब्याऐंशी वर्षांची झालीय. कान पूर्ण गेलेत, तुला माहीत नसेल. पाटीवर सगळं लिहून दिलं, अथपासून इतिपर्यंत. तिने भिंग लावून वाचलं, तुझ्याबद्दलचं वाचताना दोनदा मला पाठीत गुद्दा घातला. मला का, ते विचारायची सोय नाही. मी लिहिलं, धाकटीचं ऐकाल का? तर ओरडली, तिला वाटतं सगळेच बहिरे, शेजारचं दारसुद्धा उघडलं, "कशाने ऐकू? माझ्या कानांनी राजीनामा दिलाय! तुझ्याकडे माझी सनद आहे ना? दोन-दोन आहेत! मग तूच ऐक!"

मी लिहिलं, माझा तिच्यावर फार राग आहे.

तिने वाचलं आणि पाटी पुसून परत दिली. म्हणाली, "मग चांगलं ऐकशील. एक चूक सोडणार नाहीस."

तर हे असं आहे. तीन महिने मला वर्ग नाहीत, तुला वर्षभर नाहीत. एक जूनपासून रोज सकाळी सहाला. तिकडे किती वाजतात ते तू बघ, मी बघणार नाही. पहिल्या पानापासून. किती महिने लागतील माहीत नाही, मला दुसऱ्या खेपेलाही चौदा लागले होते आणि मी तुझ्यापेक्षा बरी होते. आता आहे की नाही, ते बघू. कॅमेरा चालू ठेवायचा, मला जीभ दिसली पाहिजे. तासात अम्मीचा विषय काढायचा नाही, माफी मागायची नाही, नवऱ्याचं, तब्येतीचं, दाताचं काही सांगायचं नाही. त्या तासात मी तुझी कुणी नाही, फक्त ऐकणारी. बाकी जे बोलायचं ते पत्रात, आणि पत्रात मी रागावणारच आहे. अम्मीवरचा राग तुझ्यावर निघेल, तुझ्यावरचा अम्मीवर, त्याची तयारी ठेव. शेवटचं पान नीट झालं तर सनद मी लिहीन, माझ्या हाताने. त्यावर नाव तुझं असेल.

आणि वाचताना रडायचं नाही. रडलं की नाक भरतं, नाकातून काढायची अक्षरं बिघडतात, आणि मग चूक तुझी की सर्दीची ते मला कळत नाही.

आपा